गजकर्ण, मलम आणि आपली घाई

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रोपलावणी आटोपून दीड महिना होऊन गेला होता, तरी पाऊस हटण्याचे चिन्ह दिसत नव्हते. अशा एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण माझ्याकडे आला. त्याचे लग्न ठरले होते; तेव्हा कागदपत्रांसंबंधी विचारावयास तो आला असावा, अशी माझी समजूत झाली. परंतु कागदांचे बोलणे संपले तरी तो उठेना. शेवटी दार लोटून घेऊन खालच्या मानेने म्हणाला, “फादर, एक विचारायचं होतं. घरी बोलायची लाज वाटते.” आणि त्याने खिशातून पिळून पिळून चपटी झालेली मलमाची एक नळी काढून मेजावर ठेवली.

त्याला जांघेत आणि कमरेभोवती गजकर्ण झाले होते. तो सांगू लागला, “हे लावलं की दोन दिवसांत खाज बंद होते. सोडलं की आठ दिवसांत दुप्पट होऊन येते. आता पोटापर्यंत आलंय. आणि मांडीवर हे काय उठलंय ते कळत नाही.” मांडीच्या आतल्या बाजूस कातडी ताणून फाटावी तसे तांबूस जांभळे लांब पट्टे पडले होते. “लग्न पुढं ढकलू का, फादर? तिला काय सांगू?”

मी नळी उचलली आणि ओळखली. आदल्या वर्षी ती त्याला मीच दिली होती.

माझ्या निवासस्थानी औषधांचे एक लहानसे कपाट आहे. कोणी आणून दिलेली, कोणाच्या घरी उरलेली अशी औषधे त्यात जमत असत. एकदा माझ्या स्वतःच्या कमरेला कंड सुटली असता या मलमाने मला तात्काळ आराम पडला होता. तेव्हा हे औषध उत्तम, असे मी ठरवून टाकले, आणि ज्याला खाज त्याला ही नळी, असा माझा परिपाठ पडला. सेमिनरीत पुष्कळ विषय शिकलो. परंतु नळीवरील बारीक अक्षरे वाचावीत, एवढे साधे शहाणपण मला त्या संध्याकाळपर्यंत आले नव्हते. त्या दिवशी ती वाचली. एका नळीत चार औषधे होती: एक बुरशीवरचे, दोन जंतूंवरची, आणि चौथे क्लोबेटासॉल. हे चौथे नाव माझ्या ध्यानात राहिले, कारण दोन दिवसांनी त्या तरुणाला घेऊन मी जिल्ह्याच्या दवाखान्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो तेव्हा त्यांनी नेमके त्याच नावावर बोट ठेवले.

आराम म्हणजे बरे होणे नव्हे

गजकर्ण हा बुरशीचा रोग आहे. पावसाळ्यात भिजलेल्या चामड्यावर किंवा लोणच्यावर बुरशी येते, तशाच जातीची परंतु मनुष्याच्या कातडीवर जगणारी ही बुरशी असते. कातडीचा सर्वांत वरचा मृत थर हे तिचे अन्न. घाम, ओल आणि उष्णता ही तिची आवडती ठिकाणे. म्हणून जांघ, काख, कमर, स्तनांखालची घडी आणि पायांच्या बोटांतील बेचके येथे ती प्रथम बिऱ्हाड करते. ती कडेकडेने पसरत जाते आणि मध्यभाग थोडासा निवळतो. त्यामुळे चट्टा कड्यासारखा गोल दिसतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. लाली आणि खाज ही बुरशी स्वतः निर्माण करीत नाही. परक्या शत्रूशी आपले शरीर झगडू लागते त्याची ती खूण होय. क्लोबेटासॉल हे स्टेरॉइड वर्गातील अतिशय जहाल औषध आहे. ते बुरशीला मारीत नाही. शरीराच्या झगड्याला गप्प करते. रात्री कुत्रे भुंकते म्हणून आपण कुत्र्याचेच तोंड बांधले तर झोप सुखाची लागेल. परंतु चोर घरातच राहील, आणि निर्धास्तपणे खोल्या धुंडाळील. नेमके हेच त्या तरुणाच्या अंगावर झाले होते. त्याच नळीत बुरशीवरचे औषधही असते हे खरे; परंतु खाज थांबताच मनुष्य नळी बाजूला ठेवतो, आणि अर्धमेली बुरशी पुन्हा डोके वर काढते.

असा गजकर्ण पुढे ओळखूही येत नाही. कड्याचा आकार जातो, कडा पुसट होते, चट्टे एकात एक मिसळतात. १९६८ साली आइव्ह आणि मार्क्स या दोन इंग्रज डॉक्टरांनी स्टेरॉइडाखाली वेष पालटलेल्या अशा गजकर्णाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि ‘ओळख लपविलेला गजकर्ण’ अशा अर्थाचे लॅटिन नाव त्याला दिले. म्हणजे ही गोष्ट वैद्यकशास्त्राला अर्धशतकाहून अधिक काळ ठाऊक आहे. आमच्या कपाटापर्यंत पोहोचावयास मात्र तिला वेळ लागला.

गोव्याची पूड

वरून लावावयाच्या औषधाकडे आपण नेहमीच काहीशा हलक्या नजरेने पाहतो. गोळी पोटात जाते म्हणून तिला आपण भितो; मलम बाहेरच राहते, त्याने काय बिघडणार, अशी आपली समजूत. ही समजूत किती चुकीची आहे, हे आपल्याच भागाच्या नावाने जगभर गेलेल्या एका औषधावरून दिसून येईल.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ नावाची एक पिवळसर तपकिरी पूड फार प्रसिद्ध होती. लिंबाच्या रसात किंवा शिरक्यात कालवून ती चट्ट्यावर लावीत. गोव्याहून येते म्हणून ती गोव्याची, अशी समजूत होती. १८७५ साली ब्राझीलमधील बाहिया येथील डॉ. दा सिल्व्हा लिमा यांनी हे कोडे उलगडले. ही पूड म्हणजे त्यांच्याकडे ‘अरारोबा’ म्हणून ओळखले जाणारे द्रव्य होय, आणि तेथील अरण्यातील एका वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांतून ते काढतात, असे त्यांनी दाखवून दिले. ब्राझील पूर्वी पोर्तुगालच्या अमलाखाली होता आणि गोवाही होता. त्या जलमार्गाने ही पूड गोव्यात उतरली आणि गोव्याचे नाव घेऊन पुढे गेली.

ही पूड खरोखरीच गुणकारी होती. परंतु तितकीच तापट. झाड फोडताना तिची धूळ उडाली की मजुरांचे डोळे सुजत. लावताना निरोगी कातडीला लागली तर तिची आग होई. कपड्यांना लागलेले डाग कायमचे राहत. लंडनचे त्वचारोगवैद्य बालमॅनो स्क्वायर यांनी १८७० नंतरच्या दशकात ती सोरायसिस या चिवट रोगावर उपयोगी पडते असे दाखविले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला हे द्रव्य मिळेनासे झाले, तेव्हा तेथे १९१६ साली त्याच्याच जवळचे एक कृत्रिम औषध वापरात आले. ते डिथ्रॅनॉल. आजही काही सोरायसिसच्या रोग्यांना ते देतात, परंतु कसे? केवळ रोगट जागेवर, डॉक्टर सांगतील तितक्याच तीव्रतेचे, आणि कित्येकदा दहा-वीस मिनिटे ठेवून धुऊन टाकावयाचे. तेच औषध नीट लावले तर गुण, आणि कसेही लावले तर जखम. काय लावले याइतकेच कसे, कोठे, किती आणि किती दिवस लावले, याला महत्त्व आहे.

स्टेरॉइडाचा दोष की आपला?

स्टेरॉइड हे विष आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. अधिवृक्क ग्रंथींच्या या स्रावांवरील संशोधनाबद्दल केंडाल, राइखश्टाइन आणि हेंच या तिघांना १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ साली अमेरिकेतील सुल्झबर्गर आणि विटन यांनी त्यांपैकी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम इसबावर उपयोगी पडते असे दाखविले, आणि रात्र रात्र खाजवून रक्तबंबाळ होणाऱ्या असंख्य मुलांना झोप मिळाली. आजही इसब, सोरायसिस यांवर डॉक्टर ते देतात. तेथे शरीराचा झगडाच विनाकारण असतो, आणि तो शांत करणे हाच उपचार असतो. लेकराला इसबासाठी डॉक्टरांनी दिलेले मलम केवळ नाव ऐकून फेकून देणे, हीसुद्धा चूकच होय.

चूक होते ती चुकीच्या रोगावर, चुकीच्या जागी आणि अमर्याद काळ लावण्यात. जांघेत आणि काखेत कातडी पातळ व झाकलेली असल्यामुळे तेथे औषध अधिक मुरते, कातडी आणखी पातळ होते आणि पट्टे पडतात. ते पुढे फिके झाले तरी पुसले जात नाहीत. चेहऱ्यावर तर याहून वाईट. गोरेपणासाठी, मुरुमांसाठी, लग्नाआधी ‘उजळावे’ म्हणून मुली अशी मलमे महिनोन् महिने लावतात. चेहरा प्रथम गुळगुळीत दिसतो. मग लाल पडतो, उन्हात जळजळतो, पुटकुळ्या व लव येते, आणि मलम सोडले की दाह इतका वाढतो की ते सोडवत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील १२ त्वचारोग केंद्रांतील एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारींच्या २,९२६ रोग्यांपैकी ४३३ जण स्टेरॉइडाचे मलम लावीत असल्याचे आढळले. सातांत एक!

त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध पुष्कळ वर्षे आवाज उठविला, आणि २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची वरून लावावयाची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. परंतु चिठ्ठी न मागणारे दुकान, शेजाऱ्याने दिलेली नळी आणि माझ्यासारख्याचे कपाट यांवर नियमाची मात्रा कोठून चालणार?

आणखी एक संकट उभे राहिले आहे. गजकर्णाची एक नवीन जात २०२० साली शास्त्रज्ञांनी वेगळी ओळखून तिला आपल्या देशावरून ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव दिले. टर्बिनाफिन हे बुरशीवरचे नावाजलेले औषध तिच्यापुढे अनेकदा निष्प्रभ ठरते. म्हणून पूर्वी दोन-चार आठवड्यांत जाणारा गजकर्ण आता महिनोन् महिने ठाण मांडून बसतो. अर्धवट उपचार घेऊन आपण तो आपल्या घरातच नव्हे, तर सोयऱ्याधायऱ्यांत पसरवितो.

मलम कसे लावावे?

गजकर्णावर डॉक्टरांनी केवळ बुरशीचे मलम दिले असेल, तर ते लावण्याची रीत त्या डॉक्टरांनी आम्हांस सांगितली ती अशी.

प्रथम जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी. ओल्या अंगावर मलम लावणे म्हणजे चिखलात पेरणे. मलम चट्ट्याच्या बाहेरून आत लावीत यावे, आणि कडेच्या पलीकडे दोन सेंटिमीटर निरोगी दिसणाऱ्या कातडीवरही लावावे; कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. किती लावावे याचे माप आपल्या बोटावरच आहे. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, रेघेपासून टोकापर्यंत, नळीतून मलमाची एक ओळ काढावी; ते सुमारे अर्धा ग्रॅम भरते, आणि मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. त्याहून थापून लावल्याने गुण लवकर येत नाही.

दिवसातून किती वेळा लावावे ते औषधागणिक वेगळे असते. चिठ्ठीत लिहिले असेल तसे करावे. मात्र चट्टा दिसेनासा झाला म्हणून थांबू नये. त्यानंतरही साधारण दोन आठवडे लावीत राहावे. बहुतेकांची हार होते ती येथेच. चट्टे पुष्कळ असतील, किंवा रोग डोक्याच्या केसांत वा नखांत शिरला असेल, तर केवळ मलमाने भागत नाही. पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या डॉक्टरांनीच ठरवावयाच्या. मधुमेह असेल तर तो आटोक्यात आणावा. गरोदर स्त्रीने तसे आधी सांगावे.

टॉवेल, पंचा, आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे असावेत. ते रोज धुऊन, उलटे करून उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. शेतातून आल्यावर ओले कपडे अंगावर वाळू देऊ नयेत. कमरेचा ओला दोरा काढून टाकावा. घरात ज्यांना ज्यांना चट्टे असतील त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. नाही तर रोग एकाच वाकळेत एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. वाटलेला लसूण, रॉकेल असले काही कातडीवर घालू नये. बुरशी जाईल न जाईल, कातडी मात्र भाजेल.

शिवाय प्रत्येक खाज ही गजकर्ण नव्हे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक फोड येऊन रात्री कंड असह्य होत असेल, आणि घरातील आणखी कोणी खाजवीत असेल, तर बहुधा ती खरूज असते. ती एका सूक्ष्म किड्याने होते आणि तिची रीत अगदी वेगळी. डॉक्टर तिच्यासाठी बहुधा पर्मेथ्रिनचे मलम देतात. ते केवळ फोडांवर नव्हे, तर मानेपासून तळपायापर्यंत सर्वांगाला लावून रात्रभर ठेवावयाचे, सकाळी धुवावयाचे, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा लावावयाचे. घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री. तान्ह्या मुलांसाठी डॉक्टरांना वेगळे विचारावे. त्यानंतरही दोन-तीन आठवडे खाज रेंगाळते. म्हणून घाबरून रोज रोज मलम फासू नये.

आणि फिकट किंवा तांबूस चट्टा असेल, तो खाजत नसेल, त्यावर स्पर्श कळत नसेल, तर कोणतेही मलम न लावता सरळ आरोग्य केंद्रात जावे. तो कुष्ठरोग असू शकतो. त्यावरची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, आणि वेळेवर घेतली तर माणूस पूर्ण बरा होतो.

शेवटची गोष्ट नळी वाचण्याची. घरातील शिकणाऱ्या मुलांना हे काम सांगावे. गजकर्णासाठी म्हणून आणलेल्या नळीवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे असे समजावे, आणि डॉक्टरांना दाखविल्यावाचून ती वापरू नये. फार दिवस लावीत असाल, विशेषतः चेहऱ्यावर, तर ती कशी सोडावयाची हेही त्यांनाच विचारावे.

पुढे काय झाले?

त्या तरुणाची नळी डॉक्टरांनी बंद केली आणि बजावले, “पहिले काही दिवस खाज वाढेल. तेव्हा पुन्हा या नळीकडे वळू नका.” त्याप्रमाणे ती वाढली. दोन रात्री तो झोपला नाही, तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, “फादर, थोडं तेच लावू का?” मी नाही म्हटले, आणि नाही म्हणताना मला माझीच लाज वाटली. परतीच्या वाटेवरच मी त्याला सांगून टाकले होते की चूक त्याची नव्हे, माझी होती. तो काही बोलला नव्हता.

त्याचा धाकटा भाऊ आणि आई यांनाही चट्टे निघाले. दोघेही मुकाट्याने तीच नळी वापरीत होते. तिघांचे उपचार एकदम सुरू झाले आणि नाताळ उलटून गेल्यावर संपले.

मुलीला सांगावे की नाही, याविषयी मी त्याला एवढेच म्हणालो, “अरे बाबा, जे एका घरात राहावयाचे आहे ते दाराबाहेर लपवून आत कसे नेणार?” त्याने सांगितले. ती म्हणाली, “एवढंच होय? आमच्याकडे बाबांना आणि दादाला दोन वर्षं आहे.” त्यांच्याही फडताळात तशीच नळी निघाली. पुढच्या खेपेस दवाखान्यात दोन्ही घरांची माणसे एका बाकावर बसली होती.

प्रायश्चित्तकाळ सुरू होण्यापूर्वी लग्न झाले. गजकर्ण गेला तो अद्याप परतलेला नाही. मांडीवरचे पट्टे मात्र राहिले आहेत. पांढुरके झाले आहेत इतकेच.

माझ्या कपाटात आता जखम बांधावयाचा कापूस आणि पट्ट्या आहेत, जुलाबावरची मीठसाखरेची पाकिटे आहेत, आणि दाराच्या आतल्या बाजूस जिल्ह्याच्या दवाखान्यात त्वचारोगतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते लिहिलेला कागद आहे. कोणी खाजेवर औषध मागावयास आला, तर मी त्याला तो कागद दाखवितो, आणि एस. टी. च्या भाड्याची अडचण असेल, तर तेवढी दूर करतो.